तुझ्या नावाच्या करंज्या मी तळणार नाही

आग्नेस, तुला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत आणि मंडळाने तुला परत कामाला लावलंय.

मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी चर्चच्या महिला मंडळाची बैठक झाली. नाताळच्या फराळविक्रीचा विषय निघाला आणि आपल्या अध्यक्षीणबाई, लीनाबाई, पदराने डोळे पुसत उभ्या राहिल्या. "यंदाचा स्टॉल आपण आग्नेससिस्टरच्या नावानं करू. त्यांच्या हातच्या करंज्या सगळ्या सोलापूरला माहीत होत्या. जे काही जमेल ते नेहमीसारखं देवळाला. तेवढंच त्यांच्या आत्म्याला समाधान." फ्लेक्सचा नमुनाही तयार होता. तुझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, नर्सच्या पांढऱ्या गणवेशातला, आणि खाली ताटभर करंज्या.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आधीच सांगून टाकते, मागाहून तू मला पकडायला नको. दोन-तीनदा वाजल्या असतील, मग हात आपोआप थांबले. कारण त्या खोलीतल्या प्रत्येकीला एक गोष्ट माहीत होती आणि एकीनेही ती उच्चारली नाही. गेल्या दोन नाताळांत तू देवळासाठी एकही करंजी तळलेली नाहीस. "न्हाय" म्हणालीस आणि त्या न्हायवर मरेपर्यंत उभी राहिलीस. आता तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून तुझा होकार गृहीत.

मला इतका राग आला आग्नेस, की घरी येताना रिक्षावाल्याला मी तीनदा चुकीच्या गल्लीत वळायला सांगितलं.

खरं तर ह्या भांडणात मी तुझ्या बाजूची नव्हतेच. वीस-बावीस वर्षं आपण दोघींनी तुझ्या स्वयंपाकघरात करंज्या केल्या. तू लाटायचीस, मी सारण भरून कातणाने कडा कापायची, तळायला परत तू, कारण तुझ्या मते मला तेलाचा अंदाज नाही. तीन दिवस देवळासमोर टेबलं मांडून विकायच्या आणि सगळं देवळाला द्यायचं. त्यातूनच मागे छपराचे पत्रे बदलले, पंखे आले, मुलींच्या वसतिगृहाला धान्य जायचं. अर्पण करायचं की नाही असा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता.

मग तो उन्हाळा आला. दिल्लीच्या मोठ्या कोर्टात खटला चालू होता, दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी एकमेकांशी लग्न केलं तर कायद्याने ते मानायचं की नाही. रविवारच्या मिस्सेनंतर, प्रार्थना संपल्यावर, फादरांनी सांगितलं की आपल्या धर्मग्रामातून विरोधाचं पत्र जाणार आहे, पडवीत टेबल ठेवलंय, सर्वांनी सही करून जावं. रांग लागली. मी तुझ्या पुढे चार-पाच जणी सोडून होते. मी सही केली. नाव, पत्ता, पिनकोडसकट.

तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली, कागद पुढे आला की माझी सही होते, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ते खरं नाही. मी पत्र वाचलं होतं. वाचताना मला स्नेहल आठवली होती, तुझी स्नेहल, जिला मी तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी मांडीवर घेतलं होतं. तरी केली.

तुझा नंबर आला. तू चष्मा पुसलास, पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलंस. मागची रांग कुरकुरायला लागली. मग तू फादरांना विचारलंस, "फादर, ह्यात माझी पोरगी कुटं बसती? सही करणाऱ्यांत, का ज्यांच्यावर सही केली त्यांच्यात?"

फादर तरुण माणूस. चेहरा पडला त्यांचा. "सिस्टर, हे कुणा एकाबद्दल नाही."

"एकाबद्दल न्हाय तर कुणाबद्दल हाय? हितं तर एकच हाय की. माझी."

मग तुझं बोट नावांवरून खाली सरकत गेलं. माझ्या नावावरूनही गेलं. थांबलं नाही. पेन टोपण लावून ठेवलंस आणि उन्हात निघून गेलीस. त्या सहीबद्दल तू मला शेवटपर्यंत एक शब्द विचारला नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

लोकांना वाटतं तुला सुरुवातीपासून सगळं सोपं गेलं. मला माहीत आहे कसं गेलं ते. स्नेहलने पुण्याहून येऊन रेवतीवर आपलं प्रेम असल्याचं तुला सांगितलं, तेव्हा तू महिनाभर नीट जेवली नव्हतीस. नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना केलीस, ओळखीच्या डॉक्टरांना आडून आडून विचारलंस. आणि एक दिवस ड्युटीवरून थेट माझ्याकडे आलीस, पायातल्या चपला न काढता दारातच म्हणालीस, "शाले, पोरगी आजारी न्हाय. आजारी माणूस मला कळतंय गं. ती बरी हाय. लई बरी हाय." त्या दिवसापासून तू मागे वळून पाहिलं नाहीस. रेवती घरी आली की शेजारणींना सांगायचीस, "ह्या माझ्या दोन पोरी." कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर मुद्दाम पुन्हा सांगायचीस, आणि त्यावरही कुणी काही बोललं तर तुझ्या गावाकडच्या कानडीत "बिडु!" म्हणून हात झटकायचीस. सोड, पुरे. समोरच्याला कानडी येत असो नसो, त्याला कळायचं.

त्या दोघींनी पुण्यात घरातल्या घरात एकमेकींना हार घातले तेव्हा तू मला बोलावलं होतंस. पंधरा-वीसच माणसं असणार होती. मी फोन करून गुडघा दुखतोय म्हणाले. चाळीस वर्षं नर्स होतीस तू. खरा गुडघा कुठला आणि खोटा कुठला हे तुला फोनवर कळत होतं. "बरं, शेक घे," एवढंच म्हणालीस. येताना माझ्यासाठी मोरपंखी साडी आणि लाडवांचा डबा आणलास. साडी मी कपाटात ठेवली. लाडू खाली राहणाऱ्या भाडेकरणीला देऊन टाकले. हे तुला माहीत नव्हतं, आता माहीत असू दे.

त्या पत्राच्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. मी नेहमीप्रमाणे रवा आणि सुकं खोबरं घेऊन तुझ्या घरी आले. पाण्याचा दिवस होता, तू पिंपं भरत होतीस. पाईप हातात धरूनच म्हणालीस, "ह्या वर्षी न्हाय."

"बरं नाही का तुला?"

"मला काय झालंय? देवळाला न्हाय. घरात खायला करू की."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि भांडायला उभी राहिले. म्हणाले, "अगं, एका पत्रासाठी? त्या पैशातून वसतिगृहातल्या पोरींचं धान्य येतं."

"मग धान्य मी टाकते की त्यांच्या दारात."

आणि टाकलंस. भावाच्या शेतातल्या ज्वारीचं पोतं रिक्षात घालून वसतिगृहात नेलंस, तिथल्या नन सिस्टरच्या ताब्यात दिलंस. मी म्हणाले, "त्या सिस्टरसुद्धा त्याच चर्चच्या ना? पैसा ह्या खिशातून नाहीतर त्या खिशातून, जातोय एकाच अंगरख्यात."

"सिस्टर पोरीस्नी भाकर घालते," तू म्हणालीस. "पत्रकं न्हाय छापत."

मग मी माझा हुकमाचा मुद्दा काढला. "तू दर रविवारी त्या छपराखाली बसतेस. पंखा घेतेस, दिवा घेतेस. मग ते चालवायचं कुणी? आम्ही? तू फक्त बसणार?"

त्यावर तू उठून चहा ठेवलास. त्या दिवशी मी जिंकले असं वाटून मी घरी आले. पुढच्या शनिवारी कळलं की आग्नेसबाई देऊळ झाडायला लागल्यात. पासष्टीतली बाई, कंबर धरून, सगळे बाक सरकवून झाडत होती. बायकांना वाटलं तू सही न केल्याचं प्रायश्चित्त घेतेयस. मी विचारायला आले तर म्हणालीस, "बसते ना मी हितं? मग माझ्या बसण्याचं मी झाडून देते. हात देते. पैसा न्हाय."

मी हसले होते. "पैशाने पाप लागतं आणि झाडूने लागत नाही होय?"

"पैसा कुटं जाईल ते मला दिसत न्हाय. झाडू कुटं जातो ते दिसतंय."

आज ह्या वाक्याला मी हसत नाही. तरी सगळं पटलंय असंही नाही. छप्पर गळलं तर ते सगळ्यांवर गळतं, स्नेहलसारख्या एखाद्या मुलीवरही, जी आत्ता पहिल्या बाकावर आईशेजारी बसलेली असेल आणि जिने अजून कुणाला काही सांगितलं नसेल. तिच्या डोक्यावर छप्पर असायला नको का? मी हे तुला विचारायला हवं होतं. मला तेव्हा सुचलं नाही.

दोन वर्षं आपण हेच भांडलो. भाजी निवडताना भांडलो, सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी चालताना भांडलो, एकदा तर दवाखान्यात रक्त द्यायच्या रांगेत, तिथली मुलगी म्हणाली, "आजी, बीपी वाढेल तुमचं." आणि त्या दोन्ही नाताळांत मी एकटीने करंज्या केल्या. फुटल्या. तेलाचा अंदाज मला खरंच नाही.

शेवटचं भांडण तुझ्या पायरीवर झालं. तू शेंगा सोलत होतीस. मी म्हणाले, "इतका राग आहे तर जाणं सोड की. जिथं तुझ्या पोरीला जागा नाही तिथं तू कशाला येतेस?"

तू असं बघितलंस माझ्याकडे, जसं मी तुला घर सोडून जायला सांगितलंय. "माझं देऊळ हाय ते. माझा बाप्तिस्मा हितं, लगीन हितं, मालकांची माती हितनं गेली. मी का जाऊ? मी जाणार न्हाय, आन त्यांना देणार बी न्हाय. दोन्ही करणार."

"आपलं म्हणतेस, मग आपणच नको का सांभाळायला?"

तू तोंड उघडलंस आणि तेवढ्यात स्नेहलचा फोन आला. फोनवर तू अर्धा तास बोललीस, मी कंटाळून उठले. ते उत्तर राहिलं. अकरा दिवसांनी तू दवाखान्यात होतीस आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

तुझे ते शेवटचे चार दिवस रेवती तुझ्याजवळ होती. स्नेहल डॉक्टरांमागे पळायची, रेवती तुझी पाठ थोपटून कफ सुटेल असं बघायची. तिचं कामच ते, फिजिओथेरपीचं. पण कामाचे हात आणि घरच्याचे हात वेगळे असतात, तुला मी हे सांगायला नको. तुझे केस विंचरून ती बारीक वेणी घालायची. मंडळाच्या बायका भेटायला आल्या, एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "ही कोण?"

मी म्हणाले, "स्नेहलची मैत्रीण."

तू डोळे मिटून पडली होतीस. ऐकलं असशील. मला क्षमा मागायची आहे, पण ती तुझ्याकडे नाही, त्या मुलीकडे मागायला हवी.

मातीच्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. खड्ड्याच्या कडेला स्नेहलने मूठ टाकली, तुझ्या भावाने टाकली, आणि रेवती मागे उभी राहिली. फादरांनी तिला पाहिलं. स्वतः दोन पावलं मागे सरकून तिला वाट करून दिली आणि म्हणाले, "ये बाळा." तिने माती टाकली. हेच फादर, ज्यांनी सह्या गोळा केल्या. ह्या माणसाचं काय करायचं ते मला कळत नाही. तुलाही कळत नव्हतं, म्हणून तर तू त्यांना शिव्याही घालायचीस आणि सर्दी झाली की काढाही पाठवायचीस.

तर गुरुवारची बैठक. ती रात्र कशीतरी काढली आणि शुक्रवारी सकाळी न्याहारी न करता फादरांच्या ऑफिसात गेले. म्हणाले, "फ्लेक्सवरून आग्नेसचं नाव काढा."

"शालिनीताई, त्यांचा सन्मान आहे हा."

"तिला विचारलंत?"

ते ओशाळून हसले. "आता कसं विचारणार?"

"मला विचारा," मी म्हणाले. "मी तिच्याशी दोन वर्षं ह्याच गोष्टीवरून भांडले. तिचं म्हणणं माझ्याइतकं कुणाला पाठ नाही. ती नको म्हणाली होती. ती गेली म्हणून तिच्या 'नको'चं 'हो' होत नाही. तिच्या पोरीच्या विरोधात पत्र पाठवणाऱ्या देवळासाठी तिचा फोटो लावून विक्री करणार? ती उठून बसेल, फादर."

ते खुर्चीत मागे टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "शिकवण मी बदलू शकत नाही, ताई. माझ्या हातात नाही ते."

"फ्लेक्स आहे ना हातात?"

त्यावर मान हलली. हो की नाही ते मला कळलं नाही, पण मी तिथेच बसून राहिले आणि त्यांना माझ्यासमोर लीनाबाईंना फोन करायला लावला. फ्लेक्सवरून तुझं नाव काढलं गेलं. स्टॉल होणार आहे, नुसता "नाताळ फराळ" म्हणून. त्यात माझ्या करंज्या नसतील.

उठता उठता मी म्हणाले, "आणखी एक. त्या पत्रावर माझी सही आहे. ती मी परत घेते."

"तो कागद केव्हाच गेला, ताई. कोर्टाचा निकालही लागून गेला."

"मग कोरा कागद द्या."

त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनने मी लिहिलं. 'समलिंगी विवाहाच्या विरोधातील पत्रावर मी सही केली होती. ती चूक होती. माझी सही त्यात धरू नये.' खाली पूर्ण नाव. ह्या वेळी पिनकोड घातला नाही, ज्याला भांडायचं आहे त्याला माझं घर माहीत आहे. बाहेर येऊन देवळाच्या सूचनाफलकावर टाचणीने लावला. शनिवारी तो कुणीतरी काढला. मी दुसरा लावला. तोही गेला. परवा तिसरा लावलाय, पाच पिना ठोकून.

लीनाबाई माझ्याशी बोलत नाहीत. खालच्या गल्लीतली तेरेझा भाजीबाजारात माझा दंड दाबून "बरं केलंत" म्हणाली आणि इकडे तिकडे बघत कोथिंबीर घ्यायला वळली. एवढंच. कुणी माझ्यामागे रांगेने उभं राहिलेलं नाही. नाही राहिलं तरी चालेल.

सगळ्यात अवघड काम फोनचं होतं. माझी समजूत होती की तू स्नेहलला माझ्या सहीबद्दल सांगितलं असशील. मी म्हणाले, "स्नेहू, ती सही, आईने तुला सांगितलीच असेल."

"कुठली सही, मावशी?"

तू सांगितलं नव्हतंस! अडीच वर्षं पोरीसमोर तू मला झाकून ठेवलंस. मला माझ्याच तोंडाने सांगायला लागलं, पहिल्यापासून. सही, खोटा गुडघा, लाडू, दवाखान्यातलं "मैत्रीण".  शेवटी ती म्हणाली, "मावशी, मला जरा वेळ लागेल." मी म्हणाले, लागू दे. तिने फोन ठेवला. अजून आलेला नाही. रेवतीला मी पत्र लिहिलंय, हाताने. ती वाचेल की नाही, तिची मर्जी. एवढं मात्र तुला सांगते, त्या कधीही सोलापुरात आल्या तर स्टेशनवर मी उभी असेन आणि कुणी विचारलं की ह्या कोण, तर काय सांगायचं ते मला आता येतं.

ज्वारीचं पोतं तुझा भाऊ पाठवतोय, ते मी वसतिगृहात पोचवीन. झाडणार मात्र नाही हं. कंबर माझी आहे, आणि तो मुद्दा मला अजूनही पटलेला नाही.

आज रविवार. मिस्सेला गेले. तू नेहमी बसायचीस तिथे, तिसऱ्या बाकाच्या कडेला, कुणी बसत नाही अजून. मी जाऊन बसले. तुझी ती मोरपंखी साडी नेसून. अर्पणाच्या वेळी गाणं सुरू झालं आणि झोळी घेऊन आपले जेम्सभाऊ आले. इतकी वर्षं मी रांगेत सगळ्यात आधी हात घालणारी. त्यांनी झोळी पुढे केली. मी हात मांडीवर ठेवले. त्यांना वाटलं पाकीट सापडत नाहीये, म्हणून ते थांबले. मागचे बाक बघायला लागले. गाण्याचं कडवं संपलं, देवळात क्षणभर शांतता झाली, आणि झोळी अजून माझ्यासमोर.

"पुढं न्या, जेम्सभाऊ," मी म्हणाले. हळू म्हणायचं होतं. सगळ्या देवळाला ऐकू गेलं. मी उठले नाही, आग्नेस. मिस्सा संपेपर्यंत बसले.